जागा

सूचना पहिली: नाव खरं सांगायचं, पगार खोटा.
सूचना दुसरी: आवडलं, राग आला, वाईट वाटलं,
असलं काही लिहायचं नाही.
वेळ लिहायची. शब्द लिहायचे.
किल्ल्या किती दाखवल्या ते लिहायचं.

फेब्रुवारी. टोलीडो, ओहायो.
रस्त्याकडेला लोटलेला बर्फ पोतेऱ्यासारखा मळलेला.
मार्विननं एवढंच सांगितलं
की माझ्या आधी एक जण जाऊन येईल.
कोण, ते विचारायचं नाही.
नकार कोणाला मिळेल असा अंदाज आहे, तेही नाही.

मला विचारायची गरजच नव्हती.
मी मेश्राम.
अमरावतीत बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून
मी अकरा घरं पाहिली आहेत,
म्हणजे अकरा फाटकं.
बाबा पोस्टात. पगार सरकारी. शर्ट इस्त्रीचा.
आडनावापर्यंत सगळं ठीक चालायचं.
मग बाई आत जाऊन यायच्या. "जागा गेली हो, कालच."
जागा कुठे जाते, असं मी विचारलं होतं.
बाबा पेडल मारत म्हणाले,
आपलं नाव ऐकलं की तिला पाय फुटतात.

तर, बेल दाबताना मी तयारीत होते.
नकार कसा घ्यायचा हे माझ्या खांद्यांना पाठ आहे.

डोरीन विझनेव्स्की. साठीची. चष्मा गळ्यात.
दोन वाजून दहा: दार उघडलं.
दोन वाजून अकरा: "गारठलात ना, आत या आधी."
आडनाव विचारलं. लिहिताना चुकली. पुन्हा विचारलं.
मी एकेक अक्षर सांगितलं, तिच्या तोंडाकडे बघत.
काही झालं नाही.
"मिस्टर इंजिनियर असतील. तुमची माणसं फार शांत."
दुसरा मजला, दोन खोल्या.
रेडिएटर गुरगुरतो, पण तापतो.
"पहिल्या महिन्याचं भाडं थोडं कमी करू."
किल्ल्या: तीन.
दोन वाजून चाळीस: हातात अर्ज,
आणि वर एक लिमलेटची गोळी.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं.
मला मिळाली,
म्हणजे सकाळी कोणासाठी तरी जागा गेली होती.
आणि मला, काय सांगू, बरं वाटलं होतं.
जन्मात पहिल्यांदा फाटकाच्या आत.
अर्धा तास. चांगला अर्धा तास बरं वाटलं होतं.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
गोळी तोंडात कधी विरघळली, कळलंही नाही.

कायदा आहे. माझ्या जन्माआधीचा आहे.
पण कायदा जागा आहे का, ते बघायला
कोणीतरी दार वाजवून यावं लागतं,
एकदा काळ्या चेहऱ्यानं,
एकदा दुसऱ्या कुठल्या.

सोळा महिने गेले. मग तडजोड.
ज्यांनी मुळात तक्रार केली होती त्या कुटुंबाला काही हजार डॉलर,
डोरीनबाईंना चार तासांचं प्रशिक्षण,
ऑफिसच्या भिंतीवर एक पोस्टर.
कुटुंबानं तोवर दुसरीकडे बिऱ्हाड थाटलं होतं,
मुलांच्या शाळेपासून दोन बस लांब.

त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये ती पहिल्यांदा दिसली.
ओडेसा प्रुइट, निवृत्त ग्रंथपाल, जांभळा कोट.
सकाळी अकरा वाजून पाच: दार चार बोटं उघडलं.
अकरा वाजून सहा: लागलं.
तिचा रिपोर्ट एवढाच. माझी साडेतीन पानं.
मी माफी मागणार होते,
पण नक्की कशाची, ते ठरेना.
कॉफीच्या मशीनपाशी तिनंच विचारलं,
"स्वयंपाकघराला खिडकी आहे का गं? काय दिसतं?"

मी सांगितलं. समोर लाँड्री, तिची वाफ,
एक मॅपल, बिनपानांचा.
ओट्याखाली एक कप्पा आहे,
त्याचं दार नीट लागत नाही.

तिनं डोळे मिटून ऐकलं.
म्हणाली, "बिजागरीला तेल दिलं की लागेल."